ऊन पाणी : भूजलातल्या उष्णतेचा मागोवा

करवीर तालुक्यातल्या आमच्या मळ्यात मोटेच्या काळातली एक दगडी विहीर आहे. लहानपणी थंडीच्या दिवसांत पहाटे तिच्या काठावर गेलो, की आतून वाफा निघताना दिसत. पायऱ्या उतरून हात घातला, तर पाणी चक्क ऊन लागे. त्याच विहिरीत मे महिन्याच्या भर दुपारी उडी मारली, की दात वाजत. ही विहीर थंडीत पाणी तापवते आणि उन्हाळ्यात गार करते, हे तिला कसे जमते, असे मी एकदा वडिलांना विचारले. आबा चौथीपर्यंत शिकलेले. मोटेचा नाडा गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "पाणी हाय तसंच असतंय. बदलतंय ते आपलं अंग."

हे वाक्य डोक्यात राहिले. विज्ञानाचे रीतसर शिक्षण माझ्या वाट्याला आले नाही. जे वाचले ते नोकरी सांभाळून, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आणि ग्रंथालयांतून. पण आबांचे म्हणणे तपासायला पदवी लागणार नव्हती. पाऱ्याच्या थर्मामीटरच्या फुग्याभोवती मेणाचा जाड थर लावला, म्हणजे वर ओढताना आकडा लगेच बदलत नाही. तो दोरीला बांधून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी विहिरीच्या तळाशी सोडायचा, अर्धा तास थांबायचे आणि वहीत नोंद करायची. दोन वर्षे हा उद्योग केला. तळाचे पाणी बाराही महिने २५-२६ अंश सेल्सिअसच्या आसपासच राहिले. कोल्हापूरच्या हवेचे वर्षभराचे सरासरी तापमानही जवळपास एवढेच भरते. जानेवारीच्या पहाटे हवा १४-१५ अंशांवर असते, तेव्हा हे पाणी दहा अंशांनी ऊन. मेच्या दुपारी हवा ३६-३७ अंशांवर जाते, तेव्हा तेच पाणी दहा अंशांनी गार. आबांचे खरे होते.

मात्र त्यातून पुढचा प्रश्न निघाला. वर ऊन-थंडीचा एवढा खेळ चालू असताना जमिनीखालच्या पाण्याला त्याचा पत्ता कसा लागत नाही? आणि पत्ता लागत नाही म्हणावे, तर घाट उतरून कोकणात गेल्यावर काही झऱ्यांचे पाणी हात पोळेल इतके तापलेले कसे असते? या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच जागी सापडतात. उष्णता खडकातून कशी जाते आणि पाण्याबरोबर कशी जाते, यांतला फरक हीच ती जागा. आमची विहीर आटायला लागली, तेव्हा हाच फरक उपयोगी पडला. ती हकिगत शेवटी सांगतो.

खडकातली पायी वाट

पॅरिसच्या वेधशाळेखाली सुमारे २८ मीटर खोल तळघरे आहेत. १७८३ साली तिथे लाव्हाझिएने तयार केलेला थर्मामीटर बसवण्यात आला. त्याचा पारा वर्षानुवर्षे बारा अंशांच्या किंचित खाली जवळजवळ स्थिर राहिला. वर बर्फ पडो की उन्हाळा तापो, तळघराला फरक पडत नव्हता. उष्णता घन पदार्थातून कशी झिरपते याचे गणित झोसेफ फूरिएने १८२२ च्या आपल्या ग्रंथात मांडले. त्याचा पडताळा जमिनीत घेण्याचे काम एडिंबरो येथे जेम्स फोर्ब्ज यांनी केले. त्यांनी १८३७ मध्ये तीन ठिकाणी लांबलचक थर्मामीटर पुरले. सर्वांत खोल थर्मामीटर २४ फ्रेंच फुटांवर, म्हणजे पावणेआठ मीटरवर होता. या तीन जागांपैकी एक होती काल्टन टेकडी, आणि तिचा खडक आपल्या सह्याद्रीसारखाच ज्वालामुखीतून आलेला, 'ट्रॅप' जातीचा. तिथे दिसले ते असे : जसजसे खोल जावे तसतसा उन्हाळा-हिवाळ्यातला फरक झपाट्याने कमी होतो आणि शिवाय उशिरा पोहोचतो. २४ फुटांवर वर्षातली सर्वाधिक ऊब जानेवारीच्या सुमारास येत होती. वर हिवाळा पडलेला आणि खाली मागच्या उन्हाळ्याची शिळी ऊब नुकती येऊन ठेपलेली!

साध्या हिशेबाने बघू. आपल्या काळ्या खडकात वर्षाची तापमानाची लाट तीन मीटर खाली जाईपर्यंत साधारण एक-तृतीयांश उरते. दहा मीटरवर ती चार टक्क्यांवर येते. दिवस-रात्रीची लाट तर वीतभर खोलीतच बहुतेक संपते. म्हणून तीस-चाळीस फूट खोल विहिरीच्या तळाला ऋतू जवळजवळ कळतच नाहीत. तिथे शिल्लक राहते ती फक्त वर्षाची सरासरी.

उष्णतेच्या या चालीचा एक विचित्र नियम आहे. अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट लागतो आणि अंतर दहापट झाले तर वेळ शंभरपट. खडकातून एक मीटर जायला उष्णतेला सुमारे बारा दिवस लागतात. दहा मीटरला तीन वर्षे, शंभर मीटरला तीनशे वर्षे आणि एक किलोमीटरला तीस हजारांहून अधिक वर्षे. जवळचे काम ती पटकन करते. लांबच्या प्रवासाला निघाली, की पिढ्यांमागून पिढ्या जातात. यापुढे मी या प्रकाराला 'पायी चालणे' म्हणणार आहे. शास्त्राच्या पुस्तकांत त्याला उष्णतेचे वहन म्हणतात.

साचलेले पाणी, हललेले पाणी

पाण्याचा स्वभाव गमतीचा आहे. साचलेले, न हलणारे पाणी उष्णता वाहण्यात खडकापेक्षाही मंद असते. कातळाच्या तुलनेत त्याची वाहकता एक-तृतीयांशाच्या आसपासच भरते. पण उष्णता साठवण्याची त्याची ताकद वजनास वजन घेतले तर खडकाच्या जवळपास पाचपट आहे. म्हणजे हे पाणी हलले, तर उष्णतेचे गाठोडे पाठीवर घेऊन निघते. मग अंतराच्या वर्गाचा तो जाचक नियम सुटतो. भेगेतून दिवसाला एक मीटर सरकणारे पाणीदेखील किलोमीटरभराचे अंतर तीन वर्षांत कापते. खडकातून पायी निघालेल्या उष्णतेला तेवढ्याच अंतराला तीस हजार वर्षे लागणार असतात. उष्णतेला वाहन मिळते ते असे.

पाणी हलते कशाने? एक तर उतारामुळे. दुसरे म्हणजे उष्णतेमुळेच. तापलेले पाणी फुगते आणि हलके होते. २५ अंशांच्या आणि ३० अंशांच्या हजार लिटर पाण्यात वजनाचा फरक असतो जेमतेम दीड किलोचा. पण निसर्गाला तो पुरतो. मे महिन्यात विहिरीत पोहणाऱ्याला हे अंगाने माहीत असते. वरचा हात-दोन हात थर कोमट असतो आणि पाय खाली सोडले, की गारवा लागतो. हलके ऊन पाणी वरच तरंगत राहते, आणि खालच्या गार पाण्याशी त्याची गाठ पडत नाही. थंडीत उलट होते. रात्री वरचे पाणी गार होऊन जड होते, खाली उतरते आणि खालचे ऊन पाणी वर येते. विहीर ढवळून निघते. पहाटेच्या त्या वाफा या ढवळण्याच्या असतात. गार हवेला टेकलेल्या ऊन पाण्याची वाफ लगेच गोठून धुके होते. थंडीतल्या सकाळी रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्यांना हे दृश्य नवे नाही.

तलावांमध्ये हाच खेळ जिवावर बेततो. उन्हाळ्यात वरचा थर तापून स्वस्थ बसला, की खालच्या थराला हवेतला प्राणवायू मिळेनासा होतो. तळाशी गाळ आणि सांडपाण्यातली घाण कुजत असेल, तर उरलासुरला प्राणवायूही तिथेच खर्ची पडतो. त्यात ऊन पाणी मुळातच प्राणवायू कमी धरते. समुद्रसपाटीला २० अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. अशात एखाद्या संध्याकाळी वळीव कोसळतो, वारा सुटतो, वरचे पाणी एकदम गार होऊन खाली जाते आणि तळाचे गुदमरलेले पाणी वर येते. दुसऱ्या दिवशी काठावर मासे मरून पडलेले दिसतात. लोक म्हणतात, कुणीतरी पाण्यात काही टाकले. कधी ते खरेही असते. पण कधी कधी वर्षभर साठवलेल्या घाणीला त्या एका रात्री फक्त वाट मिळालेली असते. रंकाळ्यावर जलपर्णी आणि हिरव्या शेवाळाचे संकट कोल्हापूरकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. अशा तलावाला तापमानाची ही उलथापालथ किती महागात पडू शकते, हे सांगायला नको.

घाटाखालचे उन्हाळे

मराठीत 'ऊन' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : सूर्याचे ऊन आणि गरम. ऊन ऊन भात म्हणतो तोच हा दुसरा अर्थ. आपल्या पूर्वजांनी गरम पाण्याच्या झऱ्यांना 'उन्हाळे' म्हटले आणि त्यावरून गावांना नावे दिली. राजापूरजवळचे उन्हाळे, रत्नागिरी जिल्ह्यातलेच उन्हवरे, रायगड जिल्ह्यात पालीजवळचे उन्हेरे, जळगाव जिल्ह्यातले उनपदेव, नांदेड जिल्ह्यात किनवटजवळचे उनकेश्वर. नकाशावर बोट ठेवून ही गावे शोधत गेलात, तर महाराष्ट्राच्या भूगर्भाचा एक आराखडाच हाती येतो. त्यातली कोकणातली रांग सर्वांत ठळक आहे. पालघर जिल्ह्यापासून तानसा नदीकाठच्या वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीवरून महाडजवळचे सव, संगमेश्वर तालुक्यातली आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूर. सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या या पट्ट्यात अठरा ठिकाणी मिळून साठेक झरे नोंदलेले आहेत. त्यांचे तापमान ३४ पासून ७१ अंशांपर्यंत जाते. उन्हवऱ्याचे पाणी या यादीत सर्वांत वर आहे. तुरळचे साठ अंशांच्या पुढे आहे, आणि राजापूरचे अंघोळीला सोसेल असे, चाळीसच्या थोडे वर.

कोल्हापूरहून अणुस्कुरा घाट उतरून राजापूरला गेलो, की उन्हाळ्याच्या कुंडावर थांबायचा माझा नेम आहे. तिथे येणाऱ्या भाविकांना मी अनेकदा विचारले, की हे पाणी कशाने तापते? ठरलेले एक उत्तर देवाचे असते, दुसरे गंधकाचे आणि तिसरे ज्वालामुखीचे. पहिल्याबद्दल मी बोलणार नाही. गंधकाचा वास काही झऱ्यांना येतो, पण तो ऊन पाण्याने खडकातून विरघळवून आणलेल्या पदार्थांचा असतो. गंधकामुळे पाणी तापत नाही. ज्वालामुखीचे उत्तर जास्त पटण्यासारखे वाटते, कारण सह्याद्री लाव्हारसाचाच बनलेला आहे. पण हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मघाचा वर्गाचा नियम लावून पाहा. दोन किलोमीटर जाडीच्या खडकाची उष्णता पायी बाहेर पडायला साधारण सव्वा लाख वर्षे लागतात. वर पुन्हा दहा-वीस पट वेळ धरला, तरी कोट्यवधी वर्षांपूर्वी ही भट्टी थंड झालेली आहे.

मग उष्णता येते कुठून? पृथ्वीच्या पोटातून, जी सगळ्यांच्याच पायाखालून सतत येत असते. जमिनीत खाली जावे तसे तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. पाणी ६० अंशांपर्यंत तापायचे, तर वरचे २७ अंश वजा जाता त्याला किमान सव्वा किलोमीटर खाली जावे लागेल. वाटेत गमावलेली उष्णता आणि वर येताना मिसळलेले गार पाणी धरले, तर दोन-तीन किलोमीटर. ऊन पाणी खडकातली सिलिका जास्त विरघळवते. या झऱ्यांतल्या सिलिकेच्या प्रमाणावरून खालचे तापमान काढले, तर ते शंभर अंशांच्या मागेपुढे येते. आणि पाण्यातल्या हायड्रोजन-ऑक्सिजनच्या जड-हलक्या अणूंचे प्रमाण तपासले, तेव्हा हे पाणी मुळात पावसाचेच असल्याचे दिसून आले. काही ठिकाणी त्यात समुद्राच्या खारेपणाचाही अंश आहे.

पावसाचे पाणी इतके खोल जाते, हे मनाला पटत नाही. कोयनेकडे बघावे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानंतर तिथल्या जमिनीचा अभ्यास आजतागायत चालू आहे. कराड येथे त्यासाठी खास प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विंधनछिद्र घेतले गेले. लाव्हाचे थर तिथे सुमारे साडेबाराशे मीटरवर संपतात आणि खाली ग्रॅनाइटसारखा पुरातन खडक लागतो. धरणाच्या पाण्याचा भार आणि भेगांमधून खोलवर पोहोचणारा त्याचा दाब यांचा तिथल्या भूकंपांशी संबंध आहे, हे आता जगभर मान्य आहे. अख्खा कातळ अभेद्य असतो. भेगाळलेला कातळ तसा नसतो.

कोकणातले झरे किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या अशाच भेगांच्या ओळीवर आहेत. पाणी उंचावर मुरते, हळूहळू खोल उतरते, तापते आणि सखल भागात एखादी सरळ, मोकळी भेग मिळाली, की चढते. खाली जाताना त्याला सवड असते. वर येताना मात्र ते घाईत असते, इतके की भेगेच्या भिंतींना उष्णता देऊन टाकण्याआधीच जमिनीवर पोहोचते. झरा ऊन राहायला ही घाई लागते. खोल जाऊन संथपणे वर येणारे पाणी वाटेतच गार होऊन साध्या झऱ्यासारखे बाहेर पडते.

एक हिशेब मला फार आवडतो. खंडांच्या जमिनीतून सरासरीने दर चौरस मीटरला सुमारे ६५ मिलिवॉट इतकी उष्णता बाहेर पडते. म्हणजे एका चौरस किलोमीटरमधून ६५ किलोवॉट. आता समजा, एखाद्या झऱ्यातून सेकंदाला फक्त एक लिटर पाणी येते आहे आणि ते आसपासच्या पाण्यापेक्षा ३३ अंशांनी ऊन आहे. ते दर सेकंदाला सुमारे १३८ किलोज्यूल उष्णता वर आणते, म्हणजे १३८ किलोवॉट. मनगटाएवढी ही धार दोन चौरस किलोमीटर जमिनीतून पायी येणाऱ्या उष्णतेएवढे ओझे एकटी वाहते.

राजापूरचे नाव निघाले, की गंगेचा विषय येतोच. उन्हाळ्याच्या कुंडापासून जवळच टेकडीवर चौदा कुंडे आहेत. साधारण दर तीन वर्षांनी त्यांत पाणी प्रकटते, काही आठवडे वाहते आणि नाहीसे होते. हा क्रम अलीकडे बराच विस्कटला आहे. जमिनीखालच्या पोकळीत पाणी साठत जाऊन विशिष्ट पातळीला पोहोचले, की वक्रनलिकेसारखे एकदम वाहू लागते, असे स्पष्टीकरण दिले जाते. मला त्यातून एक करून पाहण्यासारखी गोष्ट सुचते. प्रत्येक कुंडाच्या पाण्याचे तापमान गंगा आल्याच्या पहिल्या दिवसापासून जाईपर्यंत रोज नोंदले, तर कोणते पाणी उथळ मुरलेले आणि कोणते खोलवरचे, हे वेगळे काढता येईल. त्यासाठी लागणारे साधन शंभर-दोनशे रुपयांत मिळते. भक्तीच्या आड ते येत नाही.

केल्विनची चूक

पायी चालणारी आणि वाहनावर बसलेली उष्णता यांत गल्लत केली, तर किती मोठी चूक होते, याचे उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. लॉर्ड केल्विन यांनी फोर्ब्जच्या नोंदींवरून खडकाची वाहकता काढली आणि १८६२ मध्ये पृथ्वीचे वय मांडले : दोन ते चाळीस कोटी वर्षे. पृथ्वी आरंभी तापलेला गोळा होती आणि उष्णता खडकातून पायी बाहेर पडत ती थंड होत गेली, हे त्यांचे गृहीतक. भूशास्त्रज्ञांना आणि डार्विनला एवढा वेळ अपुरा वाटत होता, पण केल्विनच्या गणितात चूक सापडत नव्हती. १८९५ मध्ये त्यांचेच एकेकाळचे सहायक जॉन पेरी यांनी दाखवून दिले, की चूक गणितात नाही, गृहीतकात आहे. पृथ्वीचे अंतरंग अतिशय संथपणे का होईना, हलत असेल, तर उष्णता खालून वर वाहून आणली जाईल आणि पृथ्वीचे वय कितीतरी पट वाढेल. आज ते सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. केल्विनच्या चुकीचे खापर एरवी किरणोत्सर्गाच्या शोधावर फोडले जाते, पण पेरींचा मुद्दा जास्त मूलभूत होता. तापमानाचा नुसता आकडा पुरत नाही. उष्णता कोणत्या वाटेने आली, तेही विचारावे लागते.

बोअरमधला आवाज

आता आमच्या विहिरीकडे. काही वर्षांपूर्वी धाकट्या भावाने तिच्यापासून शंभरेक फुटांवर बोअर मारली. तीनशे फूट. पाणाड्याने नारळ फिरवून जागा दाखवली होती आणि पाणीही लागले. भाऊ खूश होता. दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरीची पातळी फेब्रुवारीतच खाली गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात तळाचे उमाळे बंद पडले. भावाचे म्हणणे होते, "पाऊस कमी झालाय, सगळ्यांच्याच विहिरी गेल्यात." ते अगदीच खोटे नव्हते. पण रात्री मोटर बंद असताना बोअरच्या तोंडाला कान लावला, की आत पाणी पडल्याचा आवाज येई. तो आवाज मला झोपू देईना.

आपला काळा खडक एकसंध नाही. वर माती आणि मुरूम, खाली मांजऱ्या, मग घट्ट पाषाण, दोन थरांच्या मध्ये कुठे तांबड्या मातीचा पट्टा आणि पुन्हा तीच उतरंड. विहिरीला पाणी मिळते ते वरच्या मुरूम-मांजऱ्यातून. बोअर खालच्या भेगांचे पाणी घेण्यासाठी मारलेली असते. पण तिची केसिंग अपुरी असेल, तर वरच्या थरातले पाणी बोअरच्या भोकातून खाली गळत राहते. एखाद्या हौदाच्या तळाला भोक पडावे तसे.

हे सिद्ध करायला उष्णता कामी येते. १९६५ मध्ये ब्रेडहोफ्ट आणि पापाडोपुलोस या दोन अभ्यासकांनी दाखवले, की बोअरच्या खोलीप्रमाणे तापमानाचा आलेख काढला, तर पाणी वर चालले आहे की खाली, हे त्या रेषेच्या बाकावरून वाचता येते. पाणी स्थिर असेल, तर तापमान खोलीबरोबर एकसारखे वाढत जाते. वरचे गार पाणी खाली उतरत असेल, तर रेषा खालपर्यंत गार राहते. आणि खुद्द बोअरच्या भोकातूनच पाणी जोरात खाली जात असेल, तर ती जवळजवळ उभी होते : वरपासून खालपर्यंत एकच तापमान.

अंशाचा दहावा भाग दाखवणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर आणि लांब वायर मिळवली. वायरवर दर वीस फुटांवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. आठवडाभर मोटर बंद ठेवायला भावाला कसे तयार केले, ते माझे मला माहीत. ओढ्यापलीकडे एका शेजाऱ्याची तेवढीच खोल, नीट केसिंग केलेली बोअर होती. तिच्यात तळापर्यंत दीड अंशाची वाढ मिळाली. आमच्या बोअरमध्ये रेषा हललीच नाही. तळाशी विहिरीचेच तापमान होते. आम्ही तीनशे फुटांवरून उपसत होतो ते पाणी मुळात आमच्याच विहिरीचे होते, आणि ते वर आणायला विजेचे बिलही भरत होतो.

एका मोजणीने सगळे सिद्ध होते, असा माझा दावा नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजले आणि एका भूशास्त्र शिकवणाऱ्या स्नेह्यांना आलेख दाखवला. त्यांनी मान डोलावली. खरी लढाई घरात होती. वरचे ऐंशी फूट पाइप उतरवून त्याभोवती सिमेंट भरायचे, तर बोअरचे पाणी घटणार होते. भाऊ म्हणाला, "दादा, तुझ्या थर्मामीटरपायी माझा ऊस वाळला, तर कुणाला विचारू?" माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी आईच्या शब्दावर त्याने काम करून घेतले. बोअरचे पाणी निम्म्यावर आले. त्याने उसाचे एक एकर कमी केले आणि उरलेल्याला ठिबक बसवले. विहीर पूर्वीसारखी झाली, असे मी म्हणणार नाही. पण मागच्या दोन वर्षांत एप्रिलपर्यंत उमाळे जिवंत राहिले.

सरासरी बदलते आहे

शेवटी एक गोष्ट सांगायला हवी, जी आबांच्या वाक्यात नव्हती. विहिरीचे पाणी 'हाय तसंच' राहते, कारण जमीन ऋतूंची सरासरी धरून ठेवते. पण सरासरीच सरकू लागली, तर? ती लाट थांबत नाही. ती वर्गाच्या नियमाने सावकाश खाली उतरत राहते. शंभर मीटर खोलीवर आज जी ऊब पोहोचते आहे, ती काही पिढ्यांपूर्वीची आहे. म्हणून खोल बोअरमधला तापमानाचा आलेख हा जमिनीने राखलेला जुन्या हवामानाचा दप्तरखानाच असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी देशभरातल्या अशा अनेक विंधनछिद्रांचे आलेख वाचून २००२ मध्ये निष्कर्ष काढला, की गेल्या सुमारे दीडशे वर्षांत आपल्या जमिनीचा पृष्ठभाग सरासरीने ०.९ अंशाने तापला आहे. हवेचे थर्मामीटर जिथे कधी नव्हते, तिथलीही नोंद खडकाने ठेवली होती.

शहरांत हा बदल आणखी वेगाने होतो. जिथे झाड आणि ओली माती होती, तिथे डांबर आणि काँक्रीट आले, की वरच्या जमिनीचे तापमान वाढते आणि त्याखालच्या पाण्याचेही. आपल्या पेठांमधल्या किती विहिरी बुजल्या आणि किती नुसत्या झाकल्या, हे प्रत्येकाने आपल्या गल्लीपुरते आठवून पाहावे. ज्या अजून उघड्या आहेत, त्यांचे तापमान महिन्यातून एकदा कुणी वहीत उतरवून ठेवले, तर वीस वर्षांनी त्या वहीला मोल येईल. शाळेतली मुलेसुद्धा हे काम करू शकतील. दोरी, मेण लावलेला थर्मामीटर आणि काठावर बसायला अर्धा तास, एवढेच लागते.

माझी वही चालू आहे. आबा आता नाहीत. यंदाच्या जानेवारीत नातवाला पहाटे विहिरीवर नेले. वाफा बघून तो म्हणाला, "आजोबा, खाली कुणी चूल पेटवलीय?" मी त्याला थर्मामीटरची दोरी धरायला दिली.